माणूस वाचायचा कसा?



आजचा विषय असा आहे की त्यात प्रत्येक जण स्वतःला तज्ज्ञ समजतो. समोरच्याची देहबोली बघायची, बोलणं ऐकायचं आणि त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं. "मला माणूस एका नजरेत कळतो" असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक कुटुंबात असतो. माझ्या नात्यात असे तीन आहेत, आणि एकाच माणसाबद्दल त्या तिघांचं मत कधी जुळलेलं मी पाहिलं नाही.

मी पायदळात तीस वर्षं नोकरी केली. लोकांना वाटतं, अधिकाऱ्याचं काम म्हणजे नकाशे आणि शस्त्रं. ते असतंच, पण रोजचं काम माणसांचं. आज रात्री गस्तीला पुढे कोणाला ठेवायचं, रजेवरून आलेल्या कोणाला चार दिवस हलकी ड्युटी द्यायची, कोणाला एकट्याला पहाऱ्यावर उभं करायचं नाही, हे ठरवावं लागतं. आणि ठरवताना हातात असतं काय? समोरचा चेहरा आणि त्याच्या तोंडचे चार शब्द. चूक झाली तर कोणाचा तरी जीव जातो. त्यामुळे या विषयाकडे मी गंमत म्हणून कधीच पाहिलं नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा त्यावरची पुस्तकं आणि संशोधनही वाचलं.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती शेवटपर्यंत लक्षात राहिली तरी पुरे. माणसाची खूण वाचण्याआधी त्या माणसाचं नेहमीचं वागणं माहीत असावं लागतं. ते माहीत नसेल तर तुम्ही जे वाचता तो तुमचा अंदाज असतो.

सुरुवातीला थोडी साफसफाई करू. देहबोलीच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर आणि व्याख्यानांत तीन गोष्टी फिरत असतात.

पहिली म्हणजे, "बोलण्यातले शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ टक्के आणि देहबोली ५५ टक्के." हे तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. हे आकडे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांतून आले. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले होते, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याची भावना आपुलकीची वाटते की नाही. भावना आणि आवडनिवड यांपलीकडच्या बोलण्याला हे आकडे लावू नका, असं स्वतः मेहरेबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. आणि जरा विचार करा. शब्द फक्त ७ टक्के असते, तर तमिळ पलटणीत गेलेल्या मराठी अधिकाऱ्याला तमिळ शिकायची गरजच पडली नसती. प्रत्यक्षात त्याला जवानांची भाषा शिकावीच लागते.

दुसरी गोष्ट, "डोळे वर उजवीकडे गेले की माणूस खोटं बोलतोय." २०१२ साली ब्रिटनमधले रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. डोळ्यांची दिशा आणि खोटं बोलणं यांचा काहीही संबंध सापडला नाही. आठवताना माणसं इकडेतिकडे बघतात, एवढंच.

तिसरी गोष्ट सगळ्यांत घातक आहे. "घाबरला म्हणजे चोर." हाताला घाम आला, आवाज अडखळला, खुर्चीत चुळबुळ केली की झाला निकाल. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अभ्यासकांनी २००६ साली तोवर झालेले असे शेकडो प्रयोग एकत्र करून पाहिले. त्यांत चोवीस हजारांहून अधिक लोकांनी इतरांना बघून-ऐकून खरं-खोटं ओळखायचा प्रयत्न केला होता. शंभरातून ५४ वेळा त्यांचं उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तर ५० वेळा आलं असतं. ज्यांचा हा व्यवसायच आहे, असे लोकही सामान्य माणसांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत.

अमेरिकेने विमानतळांवर तर यासाठी खास माणसं नेमली होती. प्रवाशांच्या हालचाली बघून संशयित ओळखायचे. २००७ पासून त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ साली त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षण संस्थेने सांगितलं की ही पद्धत चालते याचा पुरावा नाही, यावरचा पुढचा खर्च आवरा.

असं का होतं? कारण शरीर खोटं दाखवत नाही, शरीर ताण दाखवतं. आपल्याकडे नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू म्हणजे कापरं भरणं, वैवर्ण्य म्हणजे रंग उडणं, अश्रू आणि प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणं. यांतला एकही खोटेपणाचा नाही. घाम भीतीनेही येतो, रागानेही येतो, आणि निरपराध माणसावर आळ आला तर जास्तच येतो. पॉल एकमन हे चेहऱ्यावरच्या भावांचे मोठे अभ्यासक. त्यांनी या गफलतीला ऑथेल्लोचं नाव दिलं. शेक्सपिअरच्या नाटकात ऑथेल्लो बायकोच्या चेहऱ्यावरची भीती बघतो आणि तिला गुन्हेगार ठरवतो. ती घाबरलेली असते हे खरंच, पण घाबरलेली असते त्याच्या संशयाला.

खोटं पकडण्याचं यंत्र म्हणतात तेही श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम एवढंच मोजतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात सांगितलं की माणसाच्या संमतीशिवाय ही चाचणी करता येणार नाही.

मग तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, सगळंच खोडून काढलंत, आता शिकायचं काय?

शिकायचं ते आपल्याच घरात दोन हजार वर्षांपासून लिहून ठेवलेलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गुप्त मसलतीचा भाग आहे. मसलत बाहेर फुटते कशी, हे सांगताना त्याने 'इंगित' हा शब्द वापरलाय. आज आपण तो 'इशारा' किंवा 'मर्म' अशा अर्थाने वापरतो. कौटिल्याने इंगिताचा अर्थ सांगितला आहे तो असा, की नेहमीपेक्षा वेगळं वागणं. हाताची घडी म्हणजे अमुक आणि नाक खाजवणं म्हणजे तमुक, अशी यादी त्याने इथे दिली नाही. जो माणूस एरवी जसा वागतो, त्यात पडलेला फरक म्हणजे इंगित. पुढे राजाला विष देणारा कसा ओळखावा तेही त्याने लिहिलंय. तोंडाला कोरड, अडखळतं बोलणं, घाम, जांभया, कापरं, जागेवर न थांबणं. ही यादी वाचताना आपण इंगिताचा अर्थ विसरायचा नाही. नाहीतर राजासमोर पहिल्यांदाच ताट घेऊन आलेला कोणताही नवा आचारी त्या यादीत बसेल.

माझ्या कंपनीतला एक प्रसंग सांगतो. माणसांची नावं नाहीत, ठिकाणही सांगत नाही. उंचावरची चौकी होती. एक जवान रजेवरून परत आला. रजेवरून आलेल्या प्रत्येकाशी अधिकारी बोलतो, ही आमच्याकडची रीत. मी विचारलं, घरी सगळं कसं आहे? तो ताठ उभा, नजर समोर, चेहऱ्यावर थोडं हसू. म्हणाला, "सब ठीक है, साहब." कोणत्याही पुस्तकाप्रमाणे त्यात वावगं काही नव्हतं. तीन मिनिटांत याहून जास्त कळतही नाही. म्हणून त्यानंतर सेक्शन कमांडरला विचारायचं, हेही आमच्याकडे ठरलेलं.

त्याचा सेक्शन कमांडर एक हवालदार होता. चौथ्या दिवशी तो स्वतःच आला आणि म्हणाला, "साहब, लड़का रोटी पे झगड़ा नहीं कर रहा."

हा जवान रोज लंगरमध्ये रोटी जाड आहे म्हणून स्वयंपाक्याशी भांडायचा. रोज, न चुकता. सगळी पलटण त्यावर हसायची. गेले चार दिवस ताटात पडेल ते तो गुपचूप खात होता. हवालदाराने आणखी एक गोष्ट पाहिली होती. त्याने स्वतःचा चांगला टॉर्च आणि हातमोजे दोस्ताला देऊन टाकले होते. "मला आता काय करायचेत" म्हणून.

आम्ही त्याला रात्रीच्या पहाऱ्यावरून काढलं, पण सगळ्यांसमोर नाही. लंगरच्या मदतीला लावला. एक जोडीदार सतत सोबत ठेवला. हवालदार त्याच्याशेजारी बटाटे सोलायला बसला. काही विचारलं नाही. पाऊण तास दोघं नुसते बटाटे सोलत होते. मग तो बोलू लागला. भावाने जमीन परस्पर गहाण टाकली होती, घरात रोजचा तंटा, बायको माहेरी निघून गेलेली, आणि याला वाटत होतं की आपण नसलो तरच सगळं सुटेल. हवालदाराने सरळ विचारलं, "मरायचा विचार येतो का?" तो हो म्हणाला.

पुढे डॉक्टरांकडे पाठवलं, जिल्हाधिकाऱ्यांना पलटणीकडून पत्र गेलं, पुन्हा रजा दिली. तो सावरला, नोकरी पूर्ण करून निवृत्त झाला.

आता बघा. "रोटीवरून भांडत नाही" ही खूण जगातल्या कोणत्या पुस्तकात आहे? दुसरा एखादा जवान रोटीवरून भांडत नसेल, तर त्याचा अर्थ त्याला रोटी आवडली एवढाच. ही खूण फक्त त्या एका माणसाची होती, आणि ती त्यालाच दिसली जो रोज त्याच्यासोबत जेवत होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कोणाबद्दल अशी शंका आली तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारलं याने माणूस हलका होतो. आणि सरकारची टेली-मानस नावाची हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. ती मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालते. तुम्ही कोणत्याही राज्यात असा, हा नंबर फोनमध्ये ठेवा.

दुसरा मुद्दा, एकट्या खुणेवर निकाल द्यायचा नाही. सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीबद्दल तुम्ही ऐकलं असेल. भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू इथे केंद्रं आहेत. उमेदवार पाच दिवस तिथे राहतो. मन, वाणी आणि कर्म अशा तीन बाजूंनी त्याला पाहतात. मानसशास्त्रज्ञ त्याने लिहिलेलं वाचतो, मुलाखत घेणारा त्याचं बोलणं ऐकतो, आणि मैदानावरचा अधिकारी तो गटात कसा वागतो ते बघतो. तिघंही आपापलं मत वेगवेगळं नोंदवतात आणि शेवटच्या दिवशी ते एकत्र मांडतात. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या माणसांवरसुद्धा एकट्याने निकाल द्यायची वेळ आणलेली नाही. आणि आपण मुलगी बघायला गेलो की पोह्यांची बशी संपायच्या आत मत बनवून उठतो.

तिसरा मुद्दा मुलूखाचा. तुमच्यापैकी कितीतरी जण इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला, बंगळुरूला, दिल्लीला राहता. तुम्हाला हे रोज भेटतं. उत्तरेतला एक नवा लेफ्टनंट दक्षिणेकडच्या पलटणीत आला. त्याने हुकूम दिला, जवानांनी मान डावी-उजवीकडे डोलावली. याला वाटलं नाही म्हणताहेत. साहेबांचा पारा चढला. शेवटी सुभेदार साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, "साब, ये हाँ बोल रहे हैं."

परदेशी पुस्तकांत असतं की नजर चुकवणारा माणूस काहीतरी लपवतो. आपल्याकडे कितीतरी घरांत वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणं हा उद्धटपणा मानतात. खेड्यातून आलेला मुलगा मुलाखतीत खाली बघत असेल तर तो तुम्हाला मान देतोय. त्याला लबाड ठरवू नका. आणि आपलं मराठी बघा. आपण "नको" म्हणतो आणि मोकळे होतो. लखनौच्या माणसाला ते तोंडावर दार आपटल्यासारखं वाटतं. कोल्हापूरकडचा मित्र "काय रं" म्हणून पाठीत धपाटा घालतो, ते प्रेम असतं. उलट आपलं "बघू या" हे बहुतेक वेळा नकारार्थी असतं, ते परप्रांतातल्या माणसाला कळत नाही आणि तो बिचारा वाट बघत बसतो.

चौथा मुद्दा बोलण्याचा. देहबोलीपेक्षा ऐकण्यातून जास्त कळतं, असा माझा अनुभव आहे. पण त्यासाठी आपण गप्प बसावं लागतं. "सगळं ठीक ना?" असं विचारलं की उत्तर "ठीक" एवढंच येणार, कारण आपण उत्तर प्रश्नातच घालून दिलं. त्याऐवजी म्हणा, "कालचा दिवस कसा गेला, सांग." आणि मग थांबा. पाच सेकंद शांतता झाली की आपल्याला राहवत नाही, आपणच बोलू लागतो. ती शांतता त्याची आहे, त्याला वापरू द्या. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसून, काहीतरी काम करता करता माणूस लवकर बोलतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या आईवडिलांनी हे करून बघावं. गाडीत, भाजी निवडताना, सायकलचं पंक्चर काढताना मुलं जे बोलतात ते समोर बसवून कधीच बोलत नाहीत.

ऐकताना फरक ऐका. लांब उत्तरं देणारा एकदम एका शब्दावर आला का? रोज ज्याचं नाव घ्यायचा त्या मित्राचं नाव आठवडाभर आलं नाही का? "आमचं ऑफिस" म्हणणारा "त्यांचं ऑफिस" म्हणू लागला का? फरक दिसला म्हणजे उत्तर मिळालं असं समजू नका. कदाचित त्याचा दात दुखत असेल. फरक दिसला की एक प्रश्न विचारायचा, एवढंच त्याचं काम.

पाचवा आणि शेवटचा मुद्दा माझ्या वयाच्या मंडळींसाठी. आता ठग समोर येतच नाही, फोनवर येतो. 'डिजिटल अरेस्ट' हा प्रकार तुम्ही ऐकला असेल. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये त्यावर सावध केलं होतं. व्हिडिओ कॉलवर गणवेश दिसतो, मागे पोलिस ठाण्यासारखी खोली दिसते, आवाज ठाम असतो. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही." इथे देहबोली वाचायला जाल तर हमखास फसाल. कारण तो माणूस अनोळखी आहे, त्याचं नेहमीचं वागणं तुम्हाला माहीत नाही, आणि तो दिवसातून वीस वेळा हेच नाटक करतो. त्याचा हात कापणार नाही. कापणार तुमचा.

म्हणून अनोळखी माणसाचा चेहरा वाचू नका, त्याची मागणी वाचा. तीन गोष्टी एकत्र आल्या की सावध व्हा. घाई, भीती आणि गुप्तता. "आत्ताच करा, नाहीतर अटक, आणि घरात कोणाला सांगू नका." आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि खात्यात पैसे मागवत नाही. फोन ठेवा, घरच्यांना सांगा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. मी तीस वर्षं गणवेश घातला आहे, म्हणून हक्काने सांगतो, नुसता गणवेश बघून कोणावर विश्वास ठेवू नका.

आता या आठवड्याचा गृहपाठ. आमच्याकडे सरावाशिवाय भाषण संपत नाही. घरातलं किंवा कामावरचं एक माणूस निवडा. सात दिवस त्याच्याबद्दल रोज एक ओळ लिहा. अट एकच, मत लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. "रागीट आहे" हे मत झालं. "चहा येईपर्यंत कोणाशी बोलत नाही" हे निरीक्षण झालं. सात दिवसांनी तुमच्याकडे त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्याच्या सात ओळी असतील. तुम्हाला आश्चर्य वाटेल, वीस वर्षं एका घरात राहूनही त्यातल्या दोन-तीन ओळी तुम्हाला नव्या असतील.

आणि एक विनंती. हे शिकून नवऱ्याची, बायकोची किंवा सुनेची उलटतपासणी सुरू करू नका. आपल्याला कोणीतरी सतत न्याहाळतंय असं वाटलं की माणूस आपलं वागणंच बदलतो, आणि मग वाचायला काही उरत नाही. हवालदार बटाटे सोलायला बसला तेव्हा त्याला काही पकडायचं नव्हतं. त्याला फक्त आपला माणूस परत हवा होता. तुम्हीही त्याच मनाने बघा, आणि काही वेगळं दिसलं तर शेजारी जाऊन बसा.

जय हिंद.